नांटवेनची पट्टी

नांटवेन, कारमार्थेनशर, वेल्स
१८ मे २०२५

प्रिय सुहासभावजी यांस,
धम्मशीलावहिनीचा जयभीम. वि. वि.

त्या सकाळी मी मूग निवडून भिजत घातले होते, कोंबड्यांचं खुराडं उघडलं होतं आणि दोरीवर चादरी टाकत होते. तुमचे दादा खाली पट्टीवर कोयता घेऊन काटेरी झुडपं तोडत होते. रोजच्यासारखंच. मधूनच ताठ उभे राहून ते हात वर करायचे, गार्डने झेंडा दाखवावा तसा, आणि मी वरून ओरडायचे की गाडी गेली, आता चहाला या. शेवटचा चिमटा लावून मी खाली पाहिलं तर कोयता गवतावर होता आणि ते त्याच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, दमले असतील.

हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण पुण्यानुमोदनाच्या दिवशी एजवेअरच्या हॉलमध्ये तुम्ही माईकवरून सांगितलंत की पट्टीवर विहार बांधावं ही दादांची शेवटची इच्छा होती. ते शेवटचं काय बोलले ते ऐकायला मी होते. म्हणाले, कोंबड्या आत घे, कोल्हा फिरतोय. विहाराचं नाव त्यांनी काढलं नाही.

काल तुमच्या वकिलाचे कागद आले. निम्मी पट्टी तुमच्या नावावर, यांची निम्मी आता माझ्या, म्हणून माझी सही पाहिजे. मी सही करणार नाही. ती पट्टी म्हणजे रिकामा प्लॉट नव्हे. कारमार्थेनहून अबेरिस्टविथला जाणारी रेल्वे तिच्यावरून धावत होती. साठ वर्षांपूर्वी लंडनच्या सरकारने गाड्या बंद केल्या, मग रूळही उपटून नेले. ती लाइन परत सुरू व्हावी म्हणून इथली माणसं झटतात. तुमचे दादा जन्मभर सिग्नल दुरुस्त करत आले, निवृत्त झाल्यावर याच कामाला लागले. लिलावात तुम्ही दोघांनी मिळून ती पट्टी घेतली, ती मध्येच कोणी बंगला ठोकून वाट अडवू नये म्हणून. तेव्हा तुम्ही हसला होतात, पण नाव लावलंत.

ग्रुपवर हे लिहीत नाही. तिथे कशालाही हात जोडलेली चित्रं येतात. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून कागद, आणि उत्तरही कागदावरच द्या. मधुमतीला जयभीम सांगा. तुमच्या घरात तिच्याशी तरी माझं भांडण नाही.

राग ठेवलात तर ठेवा, पण यांच्या तोंडी खोटं ठेवू नका.

तुमची वहिनी,
धम्मशीला


एजवेअर
२७ मे २०२५

ती. वहिनींस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. सॉलिसिटर रोज विचारतो, सही कधी. त्याला काय सांगू, आमच्या वहिनी ट्रेनची वाट बघतायत?

तुम्ही सोयीचं तेवढंच लिहिता. मी दान अनाउन्स केलं तेव्हा समोर भन्तेजी बसले होते, अख्खा हॉल भरला होता, आणि सगळ्यांनी तीनदा साधू म्हटलं. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तुम्हीसुद्धा तीनदा साधू म्हणालात. मधुमती तुमच्याच शेजारी होती, तिने स्वतः ऐकलं. दानाला साधू म्हटलं की ते आपल्याला मान्य आहे, हे मी तुम्हाला शिकवायचं? सगळ्या समाजासमोर शब्द द्यायचा आणि घरी जाऊन सही करत नाही म्हणायचं, याला काय म्हणतात?

आमच्या मंडळाला आजपर्यंत स्वतःची जागा नाही, आणि इथे लंडनमध्ये ती परवडणारही नाही. दर पौर्णिमेला शाळेचा हॉल बुक करायचा. दाराबाहेर बॅडमिंटनवाले रॅकेटी घेऊन उभे असतात, ते बघत वंदना उरकायची आणि खुर्च्या होत्या तशा लावून निघायचं. माझी तनू तेरा वर्षांची आहे, तिला वाटतं बुद्धांना तळघरातल्या कपाटातच ठेवतात. साउथहॅम्प्टनच्या नंदूने थायलंडहून मूर्ती मागवली आहे, ती बोटीवर चढलीसुद्धा. आता ती आल्यावर मी कुठे ठेवू? गॅरेजमध्ये, लॉनमोवरच्या शेजारी?

तुमच्या त्या खोऱ्यात सपाट जागा तेवढीच आहे, हे दादाच सांगायचा. बाकी सगळा चढ. म्हातारी माणसं चढणार कशी? पट्टी फ्लॅट आहे, रस्त्याला लागून आहे. ट्रेनचं म्हणाल तर कोणालाही विचारा, तुमच्या-माझ्या हयातीत तिथे एक स्लीपर पडणार नाही. आणि पडला तरी वेल्सच्या रेल्वेशी आपला काय संबंध? दादाची ती हॉबी होती. कोणी तिकिटं जमवतं, कोणी बंद पडलेल्या लाइनी.

उलट टपाली सही येईल या अपेक्षेत,
तुमचा दीर,
सुहास


नांटवेन
८ जून २०२५

प्रिय सुहासभावजी यांस,
जयभीम. पत्र पोचलं, वाचलं, परत वाचलं.

साधू म्हणाले, हे खरं. त्या दिवशी हॉलमध्ये जे जे म्हणायचं होतं ते सगळं मी म्हणत होते. पंचशील म्हटलं, साधू म्हटलं, कोणी समोसा पुढे केला तर थँक्यू म्हटलं. तुम्ही काय देऊन टाकलंत ते मला परतीच्या गाडीत कळलं, तेही मधुमतीच्या डोळ्यांत पाणी बघून मी काय झालं विचारलं तेव्हा.

आपला काय संबंध, असं तुम्ही विचारता. मी इथे आले तेव्हा मलाही नव्हता. शाळा माझी सातवीपर्यंतची. गावात पंधरवड्याला लायब्ररीची गाडी येते, तिच्यातून आधी लहान मुलांची पुस्तकं आणली, मग मोठ्यांची. या छोट्या देशाचा रेल्वेचा नकाशा एकदा उघडून बघा. लाइनी खोऱ्याखोऱ्यातून बंदराकडे धावतात, नाहीतर इंग्लंडकडे. कोळसा बाहेर न्यायचा होता, स्लेटीचे दगड बाहेर न्यायचे होते. इथल्या माणसाला आपल्याच देशाच्या खालच्या टोकाकडून वरच्या टोकाला जायचं असेल, हे कोणाच्या मनात आलं नाही. आमच्या दारावरून जाणारी लाइन त्यातल्या त्यात त्या कामाची होती, तीच तोडली. आजही इथून अबेरिस्टविथला रेल्वेने जायचं तर आधी इंग्लंडात शिरावं लागतं आणि तिकडून वळून परत यावं लागतं. आता लंडनहून बर्मिंगहॅमला जी वेगाची रेल्वे बांधतायत ती इंग्लंड आणि वेल्स दोघांची म्हणून हिशेबात धरली आहे. तिचा एकही रूळ वेल्समध्ये पडत नाही, आणि त्या हिशेबापायी वेल्सला वेगळा पैसाही मिळत नाही.

आणखी एक सांगते. इथल्या शाळांत एके काळी पोराने आपली भाषा बोलली की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. ते वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभी राहिले. गळ्यात मडकं काय असतं ते आपल्याला कोणी पुस्तकातून सांगावं लागत नाही.

विहार हवं, मलाही हवं. त्या पट्टीवर नको.

घरच्यांना विचारल्याचं सांगा. तुम्हाला काय सांगायचं ते वर सांगून झालं.

धम्मशीला


एजवेअर
२० जून २०२५

ती. वहिनींस,
जयभीम.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मडक्याची बरोबरी कशाशीही करू नका. तो लाकडाचा तुकडा शाळा सुटली की गळ्यातून निघत होता. आपलं मडकं बापाच्या गळ्यातून मुलाच्या गळ्यात गेलं. तुमच्या त्या दुकानवाल्या एलेरीच्या आजोबाला कोणी सावली आवरून चाल म्हटलं नव्हतं. आणि तुमचा हा गरीब बिचारा छोटा देश मोठ्या देशाच्या बरोबरीने आपल्यावर राज्य करायला आला होता, हे लायब्ररीच्या गाडीत नव्हतं वाटतं? चार पुस्तकं वाचून माणसाने दुसऱ्याच्या दुःखावर रडावं, पण आधी घरचं बघून.

घरचं काढलंच आहे तर हेही लिहितो. दादाला छातीचा त्रास होता हे तुम्हाला मागच्या दिवाळीपासून माहीत होतं. मी म्हटलं होतं, एजवेअरला या, इथे दहा मिनिटांवर सगळं आहे. तुम्ही म्हणालात, यांना इथेच बरं वाटतं. त्या खोऱ्यात ॲम्ब्युलन्स किती वेळाने आली ते मी बोलत नाही. तुम्हीच रोज आठवत असाल.

माझी निम्मी पट्टी आहे आणि निम्म्याचा मालकही कोर्टात जाऊ शकतो. मला ते करायला लावू नका. जुलैअखेर मी सर्व्हेयर घेऊन येतो आहे. कोंबड्या आत ठेवा.

मंडळातर्फे व स्वतःतर्फे,
सुहास


नॉटिंगहॅम
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आई,
जयभीम. तू फोन उचलत नाही म्हणून मी हाताने लिहिते. माझा अक्षर वाचता आला नाही तर चष्मा लाव.

सुहासकाकाने मला वॉर्डमध्ये फोन केला. माझ्या शिफ्टच्या मध्ये! तो म्हणतो तू सर्व्हेयरचे पेग्ज उपटून नदीत टाकले. आई, सीरियसली? सिक्स्टी-सिक्स वर्षाची बाई असा करते? मी सिस्टरला सांगितला फॅमिली इमर्जन्सी आहे आणि मग लिनन रूममध्ये बसून हसली. मग रडली पण.

काका रूड आहे, मला माहीत आहे. त्याने बाबाच्या ॲम्ब्युलन्सचा लिहिला ते मला तनूने सांगितला. ते मी त्याला माफ नाही करणार. पण आई, खरी गोष्ट सांगू का? मी लहान असताना बाबा हात धरून मला तिकडे न्यायचा. हा प्लॅटफॉर्म, म्हणायचा, ही तिकीटखिडकी. मला फक्त गवत दिसायची. मी हो हो म्हणायची कारण नंतर चॉकलेट मिळायचा. तू पण पाठीमागे डोळे फिरवायची, मी बघितला आहे!

आता तू एका ट्रेनसाठी भांडते जी नाही आहे, आणि एका माणसासाठी जो नाही आहे. सॉरी. पण कोणीतरी बोलला पाहिजे. सही करून टाक आणि माझ्याकडे ये. स्पेअर रूम रिकामा आहे. कोपऱ्यावर मेथी मिळते.

खूप प्रेम आणि थोडा राग,
तुझी ऋचा


नांटवेन
१२ ऑगस्ट २०२५

चि. ऋचा हिस पुष्कळ आशीर्वाद.

अक्षर वाचता आलं. गवत दिसायचं, बाळा, दिसायची नाही. ते वाचून मी हसले. हे गेल्यापासून इतकं हसले नव्हते.

खुंट्या मी नदीत टाकलेल्या नाहीत. उपटल्या, माती पुसली, सुतळीने बांधल्या आणि तुझ्या काकाच्या गाडीच्या टपावर ठेवल्या. त्याने मागे न बघता गाडी काढली. सुतळी सुटली आणि एलेरीच्या दुकानापर्यंत एकेक पडत गेली. तिने झाडूने गोळा केल्या आणि आता टोमॅटोच्या रोपांना लावल्या आहेत.

पण जाण्याआधी दारात उभं राहून तो मला म्हणाला, वहिनी, तुमच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? सर्व्हेयरसमोर, मराठीत. तो बिचारा हसून मान हलवत होता, त्याला वाटलं निरोप चाललाय. ॲम्ब्युलन्सचं लिहिलं ते मी गिळलं. माणूस रागात लिहितो, आणि भाऊ त्याचाही गेला आहे. हे मात्र गिळता येत नाही. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं, ती अंगठा लावायची, पण तिने हो म्हटलेलं काम कोणाला परत विचारावं लागलं नाही. मी साधू म्हणाले. ऐकून म्हणाले की न ऐकता, हॉलमधल्या माणसांना ते कसं कळणार? ती माणसं वाईट नाहीत. तुझ्या बारशाला त्यातल्याच बायकांनी मला जेवण आणून दिलं होतं, तेव्हा मी या देशात कोणाला ओळखतही नव्हते.

यांच्यासाठी भांडते असं तू लिहिलंस. मी डोळे फिरवायचे, हे बरोबर पाहिलंस. हे होते तोवर ती रेल्वे यांची होती, मला काळजी नव्हती. एलेरीला महिन्याला अबेरिस्टविथच्या इस्पितळात जावं लागतं. बस वळणावळणाने जाते. ती मांडीवर पिशवी धरून बसते, कारण तिला उलट्या होतात, आणि तिकडे पोचल्यावर तिला तपासतात. मागच्या खेपेला मी सोबत गेले होते. वाटभर जुन्या लाइनचा बांध कधी डावीकडे दिसत होता, कधी उजवीकडे. कुठे त्याच्यावर गोठा, कुठे कोणाची गाडी लावायची शेड. प्रत्येकाने एवढंसंच घेतलंय. आपलं विहारही एवढंसंच असेल.

नॉटिंगहॅमला येणार नाही. मेथी मी इथे कुंडीत लावली आहे.

जेवणाची वेळ सांभाळ आणि आईवरचा राग थोडाच ठेव, लिहिलास तेवढाच.

तुझी आई


नांटवेन
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय सुहासभावजी यांस,
जयभीम. हे पत्र भांडणाचं नाही, पण गोडही नाही.

दारात तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते. माझ्या शब्दाला किंमत आहे. विहाराला जागा मिळेल.

दान स्वतःच्या मालकीचं असेल तेच देता येतं, हे भन्तेजी दर खेपेला सांगतात आणि आपण सगळे माना हलवतो. पट्टी कागदावर तुमची-माझी आहे, पण ती वाट आहे. ज्यांना अजून जायचं आहे त्यांची आहे. ती तुम्ही माईकवरून दिलीत, मी तिला साधू म्हटलं, आणि देण्याचा हक्क दोघांनाही नव्हता. घर मात्र माझं आहे. यांनी ते माझ्या एकटीच्या नावावर केलं होतं. घर मंडळाला घ्या. बदल्यात पट्टीतला तुमचा निम्मा हिस्सा मला लिहून द्या. एवढीच अट.

खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडलीत तर तुमचं मंडळ आरामात बसेल. छप्पर गेल्या वर्षीच नवीन केलं आहे. चढाचं म्हणाल तर गाडी दारापर्यंत येते, तुमची आली होती.

मी कुठे राहीन ते मी बघेन. त्याबद्दल मला विचारू नका आणि ऋचाला फोन करू नका, ती कामावर असते.

दया दाखवू नका, सौदा म्हणून बघा.

धम्मशीला


एजवेअर
२ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,
जयभीम.

कमिटीने तुमचा प्रस्ताव मान्य केला. मी विरोधात मत दिलं, ते मिनिट्समध्ये नोंदवलं आहे.

सगळं आयुष्य मला हे चिकटणार आहे. लोक म्हणतील, सुहासने विधवा वहिनीला घराबाहेर काढलं आणि तिथे देव्हारा मांडला. तुम्ही हे ओळखूनच केलंत, असं मला वाटतं. दादा जिवंत असता तर त्याने तुम्हाला अडवलं असतं, किंवा मला मारलं असतं. मधुमती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

माझा हिस्सा तुमच्या नावे करतो आहे. सॉलिसिटरचे कागद तयार आहेत. तुमची ट्रेन आली तर मला उद्घाटनाला बोलावू नका.

मूर्ती साउथहॅम्प्टनला उतरली. रविवारी, १२ ऑक्टोबरला आम्ही ती घेऊन येतो. घर त्याआधी रिकामं हवं. जड सामान असेल तर सांगा, नंदू व्हॅन आणतोय. हे मी सांगत नाही, मधुमती सांगायला लावते आहे.

तुम्ही मोठ्या आहात म्हणून नमस्कार.

सुहास


एलेरीचं दुकान, वरची खोली
नांटवेन
१६ ऑक्टोबर २०२५

चि. ऋचास आशीर्वाद.

फोनवर तू ओरडलीस ते मी सगळं ऐकलं. तुझ्या दारावरच्या उंचीच्या खुणा, तुझी खिडकी, बाबांची खुर्ची. मला न विचारता कसं दिलंस, म्हणालीस. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी थांबले असते. म्हणून नाही विचारलं. हे तुला आवडणार नाही आणि मी ते आवडावं म्हणून लिहीतही नाही.

रविवारी सगळे आले. मूर्ती पांढरी आहे, बसकी, चेहरा शांत. चौघांनी उचलून आत नेली, जिथे आपलं टेबल होतं तिथे ठेवली. तनूने पहिली मेणबत्ती लावली. पोरं जिन्यावरून वर-खाली धावत होती, कोणी त्यांना गप्प करत नव्हतं, शाळेच्या हॉलमध्ये करतात तसं. ते बघून मला बरं वाटलं, हे तुला सांगते, तुझ्या काकाला सांगणार नाही. त्याने दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. भाषणात माझं नाव घेतलं ते कागदावरून वाचून. पट्टीचे सही केलेले कागद त्याने मधुमतीच्या हातून दिले. ती ते देताना माझा हात सोडीना. तो गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिला. आता तो माझ्याशी बोलेल असं वाटत नाही. मीही वाट बघणार नाही.

भांडी, पुस्तकं आणि यांचा कोट एवढंच आणलं. खोली लहान आहे. खाली पाव भाजल्याचा वास येतो आणि एलेरी रेडिओ मोठ्याने लावते. रात्री मी कोट पांघरुणावर टाकते, इथे गारठा आहे. यांना जाऊन आठ महिने होतील. अजून मी चहाला दोन कप काढते आणि एक परत ठेवते. एलेरीने ते पाहिलं, आणि आता तो दुसरा कप ती पिते.

तू बोलायची थांबलीस तरी लिहायची थांबू नकोस. चुका करून लिही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सकाळच्या बसने लॅम्पीटरला गेले. तिथे रेल्वेसाठी झटणाऱ्यांची सभा होती. लाइनवरच्या एकेका गावाचं नाव घेऊन तिथे काय उभं राहिलंय ते विचारत होते. नांटवेनचं नाव आलं तेव्हा मी उभी राहिले, माझं नाव सांगितलं, आमच्याकडे वाट मोकळी आहे असं सांगितलं, आणि दुपारच्या बसने परत आले.

आई